एका झोपेचा प्रवास

बटण पितळेचं, त्यावर पसरलेले दोन पंख, त्यातल्या एकाचं टोक झिजून गुळगुळीत झालेलं... सुईत दोरा ओवून झाल्यावरही ती ते टोक अंगठ्यानं चाचपत होती. समोर स्टुलावर बसलेली हवाई सुंदरी जांभई देत म्हणाली, "संध्याकाळपर्यंत कोट होईल ना, मावशी? कालच तिकडून आले, उद्या परत तिकडेच." आणि तिनं शहराचं नाव घेतलं.

"अगंबाई, तिथं तर माझा मुलगा असतो!" हातातली सुई थांबवून ती कौतुकानं म्हणाली. "दोन दिवसांचा प्रवास, तीन विमानं बदलायची. कशी गं सोसतेस?"

"दोन दिवस? नऊ तास, मावशी. थेट जातं. एक जेवण, एक झोप, की उतरलंच."

"मग हे... नवीन सुरू झालं असेल."

"छे! सहा वर्षं मी याच विमानावर आहे."

तिनं दातानं दोरा तोडला, आणि मग लक्षात आलं की बटण अजून लावलेलंच नाही.

नऊ तास. म्हणजे गेल्याच्या गेल्या वर्षी, सकाळी हे गेले तेव्हा... फोनवर तो रडत म्हणाला, आई, मला पोचायला दोन दिवस लागतील, बाबांना ताटकळत ठेवू नका, उरकून घ्या — आणि मीच त्याची समजूत घातली, मीच, की राजा, जिवाला लावून घेऊ नकोस. बापलेकांचं पटायचं नाही, पण कुणाचं पटतं! एक रात्र थांबलो असतो. एक रात्र कुणीही थांबतं.

आणि दीर... दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, दोन दिवस लागतात हो, बिचारा काय करणार — तेव्हा कंपनीच्या कामानं सारखे परदेशी जाणारे दीर आपल्या चपलांकडे बघत म्हणाले होते, "असू दे, वहिनी." समोरच्या डॉक्टरीणबाई, ज्यांची मुलगी तिकडेच शिकायला होती, त्यांनी नुसता तिचा हात दाबला होता. सगळ्यांना माहीत होतं! सगळे तिची कीव करत होते, आणि ती वेड्यासारखी लेकाची वकिली करत होती... तिला दोन वर्षांपूर्वीची लाज आज, भर दुपारी, एकटीला वाटत होती.

कोट कधी दिला, पोरगी कधी गेली, तिला कळलंच नाही. दिवेलागणीला त्याचा फोन आला, नेहमीसारखाच.

"आई, जेवलीस?"

"जेवीन आता."

"आवाज असा का? बरं नाही का?"

"अरे, तुला इथं यायचं झालं तर..." ती म्हणाली, आणि थांबली.

"तर काय? बोल ना, आई."

पलीकडे तो वाट बघत होता. विचारलं तर सांगेल. माझा मुलगा कधी खोटं बोलत नाही — हे वाक्य तिच्या मनात सवयीनं आलं, आणि ती त्याकडे बघतच राहिली.