पुलगावकडली रुचिता

आईनं महालक्ष्म्यांचे मुखवटे ऑनलाइन मागवले हे मले कळलं, तेव्हा पैसे जाऊन महिना झाला होता.

झालं असं. धाकट्या महालक्ष्मीच्या नाकाचा टवका उडाला. मागच्या वर्षी, पेटीत ठेवताना. रायपुरात तसे मुखवटे कुठं भेटत नाहीत. आईले फोनवर एक विकणारी दिसली, रुचिता नावाची. जोडीचे बत्तीसशे. आईनं सगळे आधीच पाठवून दिले. चौबे कॉलनीत कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याले रडवणारी आमची आई, तिनं!

"पूरा पैसा पहले ही क्यों दे दिया आपने?" मी विचारलं. घरी मी हिंदीतच बोलतो. मराठी समजते सगळी, तोंडातून हिंदी निघते.

"मराठी होती रे. पुलगावची, माझ्या माहेरची."

"मायके की है तो ठगेगी नहीं?"

"पार्सल निघालं म्हणून सांगते ना ती."

काहीच निघालं नव्हतं. मी भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो, दिवसभर हेच पाहतो. तिनं दिलेला पार्सलचा नंबर कोणत्याच कुरिअरचा नव्हता. मी तिले फोन लावून दोन शब्द सुनावले, तर तिनं मलेच ब्लॉक केलं. आईचा फोन मात्र उचलत होती.

सायबर हेल्पलाइनवर कंप्लेंट करू म्हटलं तर आई आडवी.

"महालक्ष्म्या घरी यायच्या आहेत, अन् मी माहेरच्या पोट्टीमागं पोलीस लावू? नाही म्हणजे नाही."

दुपारी ती झोपली तेव्हा मी तिचा फोन घेतला. तिच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, तिले माहीतही नाही. म्हटलं, पुरावा भेटेल. बाहेर पायरीवर बसून लावलं.

"काकू, पार्सल उद्या निघते हं."

"निघू दे गं. तू जेवली का?"

"हो."

"काय केलं होतं?"

"वरण-भात."

"फोडणीचं वरण की साधं? तू पुलगावकडली आहे काय गं? बोलण्यावरून वाटते."

"हो हो काकू. तिकडलीच."

म्हणजे गाव आईनंच तिले देऊन टाकलं होतं.

पुढच्या कॉलमध्ये पार्सलचं नावच नाही. माहेरच्या घरामागचं बोरीचं झाड. बाबा ड्युटीवरून आले की टीव्ही. जिना चढताना गुडघा दुखते. गुडघ्याचं मले माहीत नव्हतं.

मग आई हसली. "कंटाळली ना तू? काय करू बाई, घरी मी मराठीत बोलतो, उत्तर हिंदीत येते. माह्यं पोरगं मले आप म्हणते. पाहुण्यासारखं."

रुचितानं फोन ठेवला नाही.

मी बंद केलं. पायरी तापली होती तरी बसून राहिलो.

आई उठल्यावर तिले फक्त पुलगाववाला तुकडा ऐकवला. बाकीच्याबद्दल काही बोललो नाही. तिनं तो पुन्हा लावायले सांगितला.

"मीच सांगतलं तिले गाव?"

"हाँ."

आईनं पदरानं चष्मा पुसला. "लाव त्या हेल्पलाइनले. मी बोलतो."

मले बोलूच दिलं नाही. "भैया, हमारा मुखवटा नहीं आया," ती म्हणाली. तिकडून काहीतरी विचारलं. "मास्क नहीं भैया! लक्ष्मी का मुँह! मुँह!" मी तोंड दाबून हसत होतो. पण तारीख, रक्कम, नंबर, सगळं तिनंच नीट सांगितलं.

रुचिताचं बँकेतलं खातं होल्ड झालं. मग तिचाच स्वतःहून फोन आला. तक्रार मागं घ्या, घरच्या दुसऱ्या खात्यातून टाकते. पैसे आले तेव्हा ती लाइनवरच होती. आईनं मेसेज वाचला, चष्मा वर केला अन् विचारलं, "खरं सांग, तू कुठली गं?"

फोन कट.

नवीन मुखवटे मागवायले आता वेळ नव्हता. धाकटीच्या नाकाले मी एम-सील लावून घासून दिलं, वरून आईनं मोठी नथ घातली. "बहिणीचं नाक फुटलं म्हणून तिले घरात घ्यायचं नाही काय?" म्हणाली. महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. पण दुपारी आई फोन मांडीवर घेऊन बसायची. बाबा म्हणत, पैसे तर आले, आता काय? ती म्हणे, काही नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या फोनवरून आईले लावला. माझा चार्जिंगले होता. खरं सांगायचं तर, नव्हता.

"हॅलो?"

"जेवली का?" मी म्हटलं. मनात आधी म्हणून पाहिलं होतं, तरी आवाज दुसऱ्याचाच निघाला.

"कोण बोलून राहिलं?"

"मी."

"मी कोण? हे पहा भाऊ, मराठीत बोलून फायदा नाही. ओटीपी भेटणार नाही!"

"आई, मी यशदीप."

तिकडं कुकरची शिट्टी झाली.

"तुझा गुडघा कसा आहे?" मी विचारलं. "अन् वरण कोणतं केलं? फोडणीचं की साधं?"

"साधं," आई म्हणाली. मग घाईघाईनं म्हणाली, "थांब, गॅस बंद करून येतो. ठेवू नको रे फोन."