झांजांमागचा माणूस

भोंगा पुन्हा त्याच ओळीवर घसरली आणि काचेपलीकडे लांब्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई!" त्याचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये खणखणला. "आख्खं गाणं कच्चं खातेस आणि तिथं आलं की धपकन पडतेस. काय ठेवलंय तिथं? केळ्याचं साल?"

"काही नाही, काका."

"आणि काका म्हणू नकोस! हार्ड रॉक वाजवतो मी. काका कसला!"

काचेपलीकडच्या खोलीत तीन डोकी होती. एक लांब्याचं, जे उभं राहिलं की छताच्या दिव्याला धडकायचं. दुसरं रेकॉर्डिंग करणाऱ्या ताईचं. ती माणसांपेक्षा बटणांशी जास्त बोलायची. आणि कोपऱ्यातल्या खचलेल्या सोफ्यावर, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये घालून बसलेला तिचा मामा. मामा तिच्याकडे बघतच नव्हता. डाव्या हाताच्या पेरांनी प्लॅस्टरवर टकटक करत बसला होता. काळजी लागली की मामा हाताला लागेल ते वाजवायचा. टेबल, ताट, भाचीचं डोकं.

भोंगा हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण पाळण्यात ती असं काही रडायची की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेत. शाळेच्या समूहगीतात तिला कायम शेवटच्या रांगेत उभं करत, कारण ती पुढे आली की बाकीचा वर्ग नुसती तोंडं हलवायचा. जन्मभर तिने एकच वाक्य ऐकलं होतं: हळू बोल गं. आणि मग एके दिवशी मामा घरी आला, आईने दिलेला चहाही न पिता म्हणाला, "भोंग्या, तुझं काम आहे. जोरात गायचंय." त्या दिवसापासून ती दोन बोटं उंच झाल्यासारखी चालत होती.

कारण 'घण' बँडचा गायक निघून गेला होता. बँड तीनच माणसांचा. ड्रमवर मामा, गिटारवर लांब्या (बेसही तोच वाजवायचा, आणि ते सगळ्यांना सांगायचाही) आणि गायला तोफ्या. पहिल्यावहिल्या अल्बमचं सगळं वादन रेकॉर्ड होऊन तयार होतं, फक्त आवाज चढवायचा राहिला होता. तेवढ्यात लांब्याचं आणि तोफ्याचं वाजलं. का, तर लांब्याचं गिटार प्रत्येक गाण्यात लांबत चाललं होतं. "तुझं संपेपर्यंत मी जेवून येतो," असं म्हणून तोफ्या जो बाहेर पडला तो आलाच नाही. तोफ गेली आणि भोंगा आला, असं सगळे हसत म्हणाले. पाठोपाठ मामाही पडदे लावताना स्टुलावरून पडला. वर्षानुवर्षं जीव खाऊन ड्रम बडवले तेव्हा काही झालं नाही, आणि घात केला तो पडद्याच्या कड्यांनी.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी येऊन भोंग्याने बाकीची सगळी गाणी मारली होती. राहिलं होतं फक्त शेवटचं, अल्बमला ज्याचं नाव द्यायचं होतं ते, 'इथेच'. आणि आज सकाळी लांब्याने सरळ सांगितलं होतं, "स्टुडिओ संध्याकाळपर्यंत आपला आहे. तोवर जमलं नाही तर तोफ्याला बोलावणार. आणि एका अल्बमवर दोन आवाज मला नकोत. तो आला तर सगळी गाणी तोच गाणार."

म्हणजे तिची सगळी पुसणार. फळा पुसतात तशी.

गाण्यातली ती जागा अशी होती, की तोवर घणाघात चाललेला असायचा आणि मग सगळं एकदम खाली बसायचं. गिटार गप्प. मामाच्या झांजा नुसत्या सळसळायच्या, कुणी रेशमी कापड फाडतंय तशा. त्या सळसळीवर तिने एकटीने म्हणायचं, "इथेच आहे मी, अजून इथेच आहे." मग पुन्हा सगळं छप्पर अंगावर.

आणि बरोबर तिथेच तिला कुणीतरी ऐकू यायचं.

झांजांच्या मागे. लांबून. शेजारच्या घरी न्हाणीघरात कुणी गुणगुणत असावं तसं. शब्द तेच, सूर किंचित खाली, आणि तो सूर तिचा हात धरून तिला खाली ओढायचा. पहिल्यांदा तिला भास वाटला. नंतर भास नाही हे कळलं, तरी तिने तोंड मिटून ठेवलं. नव्या गायिकेने काय सांगायचं, मला आवाज ऐकू येतात? लांब्याने पेढ्यासारखं तोंड करून "अरेरे" म्हटलं असतं आणि लगेच फोन उचलला असता.

"ऐक," लांब्या म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि ते त्याच्या ओरडण्याहून वाईट होतं. "वाईट वाटून घेऊ नकोस. तोफ्या खालीच चहा पितोय. वर बोलावतो."

मामाची टकटक थांबली. "खाली? त्याला फोन कधी केलास?"

"सकाळी."

"म्हणजे तिने तोंड उघडायच्या आधी!"

"तयारी नको ठेवायला?"

आता गप्प राहून तरी काय वाचणार होतं? भोंगा हेडफोनसकट ओरडली, "आत कुणीतरी गातंय!"

लांब्या हसला. ताईने मान वर केली.

"खरंच! झांजांच्या मागे. मी ड्रम मोठे ठेवून घेते ना कानात, म्हणून मला ऐकू येतं. मामा, तू सांग ना यांना."

लहानपणापासून ती मामाच्या ड्रमच्या आवाजात गृहपाठ करत आली होती. ते मोठ्याने वाजले की तिला बरं वाटायचं, म्हणून हेडफोनमध्ये ती ड्रम सगळ्यांत वर ठेवायची. बाहेर ताई मात्र तिचा आवाज तपासताना ड्रम खाली ओढून बसायची. हे मामाला ठाऊक होतं. तो आता म्हणेल, थांबा जरा, पोरगी उगाच बोलत नाही.

मामा प्लॅस्टरकडे बघत म्हणाला, "दमली असेल. पाणी द्या तिला."

तिने मामाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिला चटका बसला. हा चेहरा तिला पाठ होता. तिच्या डब्यातला शेवटचा लाडू खाऊन "कुठला लाडू?" म्हणतानाचा चेहरा.

तोफ्या आला. एवढंसं अंग, गळ्याला मफलर, आणि "काय मंडळी" म्हणाला तर टेबलावरची पेनं हलली. लांब्याशी तो बोलला नाही. भोंग्याला मात्र म्हणाला, "तू होय भोंगा! बाहेर ऐकलं मी. छान फाडतेस गं." आणि त्याला ते खरंच वाटत होतं, हे आणखी वाईट.

"हेडफोनमध्ये तुम्हाला काय कमी-जास्त करू?" ताईने विचारलं.

"राहू दे पोरीचंच. मला काहीही चालतं."

भोंगा बाहेर येऊन सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मामापासून जमेल तितक्या लांब बसली. गाणं सुरू झालं आणि तोफ्याने तोंड उघडलं. तिच्या हातावर सर्रकन काटा आला. हा माणूस खराब गायला असता तर किती सोपं झालं असतं! लांब्या डोळे मिटून डोलत होता. त्याच्या मनात तिची गाणी पुसून झालीसुद्धा होती. दुसरं कडवं गेलं. गिटार थांबलं. झांजा सळसळल्या.

"इथेच आहे मी, अजून..."

तोफ्या घसरला. त्याच ओळीवर, त्याच अक्षरावर, तितकाच खाली. आणि त्याने गर्रकन मागे वळून पाहिलं, कुणी खांद्यावर हात ठेवल्यासारखं. मागे नुसती फोम चिकटवलेली भिंत होती.

भोंगा उठली.

"ताई, फक्त ड्रमचे माइक वाजवा. बाकी सगळं बंद करा."

"ए, तू कोण गं..." लांब्याने सुरुवात केली, पण ताईने बटणं दाबलीसुद्धा.

स्पीकरमधून झांजा सळसळल्या. आणि त्यांच्यामागून, स्पष्ट, रडवेल्या सुरात, तोफ्या.

"हा मी आहे," तोफ्या काचेमागून हळूच म्हणाला. "पण मी तर... त्या दिवशी गात कुठे होतो? सकाळीच या लंबूशी पहिलं भांडण झालेलं. तुम्ही वाजवत होतात आणि मी भिंतीला टेकून रागारागाने गुणगुणत होतो."

"एकाच खोलीत?" ताईने विचारलं. हे वादन तिच्याकडे तयार होऊन आलं होतं.

"मग!" लांब्या छाती काढून म्हणाला. "घण कायम एकाच खोलीत वाजवतो. मध्ये काचा लावून वाजवायला आम्ही काय बँकेत आहोत?" आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या डोक्यात शिरलं.

"तुमचं गुणगुणणं ड्रमच्या माइकमध्ये शिरलंय. थोडंफार पुसता येईल," ताई म्हणाली. "पण झांजाही पुसल्या जातील. चहातली साखर काढून दाखवा म्हणण्यातला प्रकार आहे."

भोंगा मामासमोर जाऊन उभी राहिली. "तुला माहीत होतं."

"रोज रात्री ऐकतो मी त्या झांजा," मामा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, हात पूर्वीसारखा फिरेलच असं नाही. तसं मी आयुष्यात एकदाच वाजवलंय, भोंग्या. सांगितलं असतं तर यांनी तेवढंच कापलं असतं. मला वाटलं, तुझा आवाज एवढा मोठा, तू त्याला गिळून टाकशील."

"आणि मघाशी? पाणी द्या म्हणालास."

मामाचा डावा हात आपोआप प्लॅस्टरवर गेला. टक, टकटक. टक, टकटक.

तिला रडू येत होतं, पण रडली असती तर गळा बसला असता, आणि गळा आज तिला हवा होता. "मला त्या झांजा खूप आवडतात, मामा," ती म्हणाली. "पण त्या असतील तर मी नसेन."

टक, टकटक.

"कापा," मामा म्हणाला. कुणाकडेच न बघता.

"आणि तिथं काय ठेवू?" लांब्या उसळला. "मोकळी हवा? ठेका नसेल तर पुढे उडी कशी मारायची?"

"हे," भोंगा म्हणाली. तिने मामाच्या हाताकडे बोट दाखवलं. "हे काय वाजतंय मघापासून?"

सगळ्यांनी ऐकलं. कोरडा, पोकळ, दारावर कुणीतरी धीर करून ठोठावावं तसा आवाज. तोफ्या आतून म्हणाला, "आयला, भारी!"

लांब्याचे डोळे चमकले. "झकास! मग असं करू. मामा प्लॅस्टर वाजवेल आणि तोफ्या आलाच आहे तर तो गाईल. काय तोफ्या?"

तोफ्याने माइकची जाळी बोटांनी चाचपली. "मी तयार आहे," तो म्हणाला. त्याला गायचं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मामा उठला. "एवढ्या जोरात एकदाच वाजवता येईल मला. खाली मोडलेलं हाड आहे. आणि मी वाजवीन ते भोंग्याबरोबर. आत, एका खोलीत, शेजारी शेजारी बसून."

"शेजारी बसलात तर तिचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरेल," ताई म्हणाली. "मग तो कुणालाच वेगळा काढता येणार नाही."

"कळतंय मला," मामा म्हणाला. "मघापासून दुसरं काय ऐकतोय आपण?"

तोफ्याने हेडफोन काढला आणि बाहेर येऊन भोंग्याच्या हातात दिला.

आत दोन स्टुलं मांडली. मामाचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता. त्याच्या कपाळावर आत्ताच घाम जमला होता. काचेपलीकडे लांब्या हाताची घडी घालून उभा, परीक्षेला बसवलेल्या मुलांवर नजर ठेवणाऱ्या मास्तरांसारखा. गाणं सुरू झालं. तिच्या कानात गिटार धडधडत आलं, पहिलं कडवं, दुसरं, आणि मग सगळं एकदम खाली बसलं.

टक. टकटक.

झांजा नाहीत. मागे कुणी नाही. एवढी शांतता तिने आजवर कधी ऐकलीच नव्हती, आणि क्षणभर तिला त्या न्हाणीघरातल्या माणसाची आठवण आली. निदान सोबत तरी होती. मामाचा ओठ दाताखाली गेला होता. प्रत्येक ठोक्याला त्याचा डोळा मिटत होता.

"इथेच आहे मी," ती म्हणाली. गायली म्हणण्यापेक्षा म्हणालीच. "अजून इथेच आहे."

शेवटच्या 'आहे'वर तिचा आवाज जरासा चिरला, पण जागचा हलला नाही. आणि मामाच्या तोंडून, दुखण्याने की आनंदाने कुणास ठाऊक, मोठ्याने निघालं, "हां!"

मग छप्पर कोसळलं आणि तिने उरलेलं गाणं फाडून खाल्लं.

संपल्यावर ताईने सगळं पुन्हा लावलं. लांब्या दोन्ही हात टेबलावर टेकून ऐकत होता. "ओळ लागलीय," तो नाइलाजाने म्हणाला. "पण तो मध्येच 'हां' काय आहे? तेवढा काढ."

"तिचा आवाज त्याच्यात आहे," ताई म्हणाली. "हां काढला तर तीपण जाईल. ती काढली तर ठेका जाईल. कुणी काही काढू शकत नाही आता."

लांब्याने तिच्याकडे पाहिलं, प्लॅस्टरकडे पाहिलं, छताच्या दिव्याकडे पाहिलं. "मग राहू दे," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. "चिरलाय मात्र जरा."

"चालतं हो, काका," भोंगा म्हणाली.

तोफ्याने मफलर गुंडाळला आणि दाराशी जाऊन थांबला. पुढचं काहीतरी गुणगुणत होता, स्वतःशीच, सवयीने. आतल्या खोलीचं दार अजून उघडं होतं आणि माइकचा लाल दिवा लागलेला होता.

"तोफकाका," भोंग्याने हाक मारली. "जाताना दार घट्ट लावून घ्या हां. आवाज आत येतो."