मेहुण्याचा सल्ला

जुनी लष्करी रायफल व्हर्लिनने शिकारीसाठी बदलून घेतली होती. आता बंदुकांच्या दुकानात, तिच्या डोळ्याजवळच्या नेम धरायच्या कड्यात बसवायची भोकाची चकती तेवढी निवडायची होती.

"दाजी, बारीक भोकाचीच घ्या. नेम चुकायचाच नाही!" मेहुणा लायल म्हणाला.

व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या रानात दोघेही एकाच मोठ्या शिंगांच्या हरणावर टपलेले, आणि हा सल्ले फुकट वाटतोय? पहाटेच्या अंधुक उजेडात बारीक भोकातून हरीण काय, झाडही दिसायचं नाही.

त्याने बाहेर येऊन लायलच्या गाडीतली रिकामी रायफल डोळ्याला लावली. कड्यात चकतीच नव्हती. समोरची अख्खी झाडी स्वच्छ दिसत होती.

"तुझी चकती कुठंय रे?"

"हरवली, दाजी."

व्हर्लिन आत परतून दुकानदाराकडे वळला. "मलाही हरवलेलीच द्या."