क्रशेवानला वारं लागलं

सरावात क्रशेवानच्या छातीत कळ आली, डावा हात दुसऱ्यांदा बधिर झाला, तेव्हा घरी त्याच्या आईने आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि मग सुनेकडे पाहिलं.

"वारं लागलंय त्याला. घामेजला येतो, आणि तू समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या टाकतेस."

"आई, वाऱ्याने छातीत कळ येत नाही," मिर्ता म्हणाली.

"कॉलेजात शिकवलं नाही, म्हणून येत नाही होय? माझा दीर वाऱ्यानेच गेला."

क्रोएशियातल्या या झादर शहरात मान आखडो की मूल किरकिरो, दोष उघड्या खिडक्यांचाच. सासूबाईंनी लेकाच्या पाठीला द्राक्षाची दारू चोळली, लोकरी पट्टा आवळला. क्रशेवान हसत होता. सतराव्या वर्षी तो याच शहराच्या बास्केटबॉल संघात आला होता. मग इटली, तुर्कस्तान, पोलंड. दर वेळी संघ थोडा खालचा आणि गुडघे थोडे जास्त दुखरे. आता शेवटची दोनेक वर्षं आपल्या माणसांसमोर खेळायचं, एवढंच त्याला हवं होतं.

मिर्ताला तो जिवंत हवा होता. लेकीला पाजता पाजता ती त्याचे ओठ न्याहाळायची. जिना चढून आला की ते निळसर दिसत. एक दिवस त्याला न सांगता ती क्लबच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी क्रशेवानला बोलावून तपासलं, हृदयाची भिंत जाड झालेली निघाली. खेळ बंद, आजपासून.

"तूच गेली होतीस ना?" क्रशेवानने विचारलं.

"हो."

"गुडघा मोडला असता, तर लोक हळहळले तरी असते. आता म्हणतात, बायकोने घरी बसवला."

म्हणतच होते. मासळीबाजारात कोळीण बांगडे तोलता तोलता म्हणाली, "काय गं, आमचा क्रशेवान आता लंगोट धुतो म्हणे?"

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणं थांबलं. त्याचं श्रेय सासूबाईंनी बंद खिडक्यांना दिलं, आणि हळूहळू क्रशेवानलाही ते पटू लागलं. एका सकाळी मिर्ताला गोळ्या कचऱ्याच्या डब्यात सापडल्या. त्याच दुपारी तो खेळाची पिशवी भरत होता.

"डोंगरापलीकडच्या गावात मॅच आहे. तिथे डॉक्टरचे कागद मागत नाहीत."

"क्रशेवान, तुझ्या पाया पडते."

"बाजूला हो, मिर्ता. खेळलो नाही तर मी कोण आहे?"

ती बाजूला झाली नाही. त्याने तिला अलगद उचलून बाजूला ठेवलं. मग तीही लेकीला घेऊन मोटारीत जाऊन बसली.

मॅच शाळेच्या हॉलमध्ये होती. बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र कुठे आहे, असं तिने शिपायाला विचारलं.

"बाई, इथे एक छप्पर आहे. तेही गळतं."

गावकरी त्याच्या नावाने बाकं बडवत होते. लांबून टाकलेला त्याचा पहिला चेंडू जाळीत पडला, मग दुसरा. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना, पोरवयातला उजेड आला. वर्षभरात तो उजेड तिला घरात एकदाही दिसला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, आपणच चुकलो की काय.

मग त्याने एक गुडघा टेकला. बुटाची नाडी बांधतोय समजून लोक टाळ्या वाजवत राहिले. मिर्ताने मात्र लेकीला शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर टाकलं होतं, आणि शिट्टी वाजायच्या आधीच ती मैदानात धावली होती.