कडेची जागा

"ताई, तुमच्याकडे असा टीव्ही आहे का, जो बघून नातेवाइकांच्या पोटात दुखेल?"

विचारलं आणि भिंगरीने ओठ आत ओढून दातांखाली धरले. हसायचं नव्हतं. शाळा सुटताना गोटी आणि लंबू या तिच्या जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती. दुकानात शिरल्या शिरल्या हाच प्रश्न, याच शब्दांत, आईवडिलांच्या देखत. हसलीस की हरलीस. वर्षभरापूर्वीची भिंगरी असती तर तिने खोडरबरसुद्धा आईच्या पाठीआडून मागितलं असतं. पण यंदा शाळेच्या वादविवादात आपल्याला आवाज आहे याचा तिला पत्ता लागला होता, आणि तेव्हापासून त्या आवाजाने घरात कुणाला सुटी दिली नव्हती.

दुकानातल्या ताईने केसांत खोचलेलं पेन काढलं. तिची भुवईसुद्धा हलली नाही.

"नातेवाईक लांबचे की जवळचे?"

"सख्खे."

"मग पंच्याहत्तर इंच लागेल. या माझ्यामागे."

पप्पांचा पाय फरशीवर दाबला गेला. पप्पा गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबायची त्यांच्या पायाला एवढी सवय झाली होती, की घरीदारी कुणाचं बोलणं घसरायला लागलं की पाय आपोआप जमीन दाबे. भिंगरीच्या बाबतीत तो ब्रेक आजवर कधी लागलाच नव्हता.

"तिचं मनावर घेऊ नका हं," ते ताईला म्हणाले. "लहान आहे."

"मनावर कशाला? रोज निम्मी गिऱ्हाइकं याच कामासाठी येतात. तोंडाने बोलून दाखवत नाहीत, एवढंच."

"आणि चौकट काळी हवी," मागून आई म्हणाली. "चकचकीत नको. आमच्या जाऊबाईंकडे चकचकीत आहे."

पप्पांचा पाय पुन्हा दाबला गेला.

भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं: एक प्रचंड मोठा मासा सगळ्या काचांमधून एकाच वेळी शेपटी हलवत जात होता. भिंगरी पुढे, ताईच्या बरोबरीने चालली होती. या खरेदीची पुढारी तीच होती. मागची खोली रिकामी करायचं तिनेच काढलं होतं. तिथे पप्पांच्या गाडीच्या वर्गाचा पसारा असायचा. वळणाच्या, उताराच्या, थांबण्याच्या पाट्या, जुनी टायरं, एक स्टिअरिंग. तिने पाट्या पोटमाळ्यावर चढवल्या, टायरं गॅरेजवाल्याच्या गळ्यात मारली, भिंतींना गडद रंग लावून घेतला आणि जाहीर केलं, की आता इथे बसून सामने बघायचे, सिनेमे बघायचे, आणि टीव्ही असा आणायचा की मोठ्या काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं पाहिजे.

मोठे काका म्हणजे पप्पांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांच्या घरी अशी खोली आधीपासून होती. मागच्या वर्षी अंतिम सामना बघायला त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. पप्पा लवकर पोचले, म्हणून त्यांना कोचावरची मधली जागा मिळाली. लहान मुलासारखे खूश होऊन ते मांडी ठोकून बसले होते. सामना रंगात आला आणि काकांच्या ऑफिसमधले साहेब आले. काकांनी पप्पांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"ऊठ रे, तिकडे सरक. साहेबांना बसू दे."

तिकडे म्हणजे दारापाशी, स्टुलावर. पप्पा उठले. हसले. स्टुलावर बसून मान वाकडी करून बघत राहिले. मग कुणाला पाणी हवं झालं की दारापाशी तेच. कुणाला चार्जर हवा झाला की तेच. शेवटच्या क्षणी सामना जिंकला, सगळी खोली ओरडत एकमेकांच्या गळ्यात पडली, तेव्हा पप्पा स्वयंपाकघरात ग्लास भरत होते. ट्रे घेऊन ते धावत आले आणि म्हणाले, "जिंकलो? अरे वा! जिंकलो का?"

भिंगरी तेव्हा गालिच्यावर बसली होती. तेव्हा तिला आवाज नव्हता. पण त्या दिवसापासून तिच्या पोटात एक निखारा होता आणि तिने तो जिवापाड जपला होता, विझू दिला नव्हता.

"हा बघा," ताई थांबली. "पंच्याहत्तर."

टीव्ही होता की खिडकी होती! ताईने मासा घालवून सामना लावला. मैदानाचं हिरवं असं अंगावर आलं, की भिंगरीला वाटलं आता बुटाला माती लागणार.

"आई गं!" आई म्हणाली.

"दादाचा किती इंचांचा?" पप्पांनी हळूच विचारलं.

"पासष्ट," मायलेकी एकदम म्हणाल्या.

"पण एक सांगून ठेवते," ताई म्हणाली. "हा समोरून राजा आहे. बाजूला सरकलात की याचा रंग उडतो. दोघं-तिघं समोर बसणार असाल तर डोळे झाकून घ्या."

"टीव्ही आणि डोळे झाकून?" पप्पा म्हणाले. आपल्याच विनोदावर ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

"खोली कशी आहे तुमची? लांबट की आडवी?"

"आडवी," भिंगरी म्हणाली. "एका ओळीत बसायचं. पार दारापर्यंत."

"मग कडेला बसणाऱ्याचे हाल. तुम्हाला हा नको."

भिंगरी सरकत सरकत कडेला गेली. खरंच की! दोन पावलांत मैदान पांढुरकं पडलं. आणखी सरकली तर खेळाडूंचे चेहरे आजाऱ्यासारखे दिसायला लागले आणि हिरवं गवत पन्नास वेळा धुतलेल्या टॉवेलच्या रंगाचं झालं. ती तिथेच उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं, ते गोटीने पाहिलं असतं तर म्हणाली असती, आता कुणाची तरी खैर नाही.

तिने आईचा दंड धरून तिला रेफ्रिजरेटरांच्या ओळीआड नेलं.

"आई, हाच घ्यायचा."

"अगं, ती नको म्हणतेय ना?"

"म्हणूनच! काकांना कडेला बसवायचं. दारापाशी. त्यांना सगळं फिक्कं दिसेल. ते म्हणतील, 'काय रे, रंग असा कसा?' आणि आपण म्हणायचं, 'असा म्हणजे कसा? आम्हाला तर झकास दिसतोय!' सबंध सामना. शेवटपर्यंत. डोळे चोळत बसतील ते."

आई औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडावर गंभीर राहायची तिला सवय होती. आत्ताही ती गंभीरच राहिली, फक्त पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"आणि जाऊबाई?"

"त्यांच्या शेजारी. आणखी कडेला."

"म्हणजे जवळजवळ दाराबाहेरच," आई म्हणाली. मग तिने लेकीच्या गालाला हात लावला. "माझीच आहेस तू."

दोघी परत आल्या तेव्हा पप्पा फोनवर बोलत होते. फोन ठेवून म्हणाले, "दादाला सांगितलं. पहिल्या सामन्याला या म्हटलं सगळे. येतो म्हणाला."

निरोपही गेला! भिंगरीला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं.

"ताई, आपण नीट बसून बघूया का? पाहुणे आल्यावर बसू तसं?"

ताईने आतल्या बाजूच्या खोलीत नेलं. तिथे गिऱ्हाइकांसाठी तसाच टीव्ही भिंतीला लावलेला होता आणि समोर एक लांब कोच, कडेला दोन-तीन खुर्च्या. ताईने सामना लावला, दिवे मंद केले आणि रिमोट भिंगरीच्या हातात दिला.

"चला, बसा," भिंगरी म्हणाली. "समजा, सगळे आलेत. आपापल्या जागा घ्या."

आई कोचावर बसली. भिंगरी मधे कुणाला, कडेला कुणाला याचा हिशेब करत मागे वळली, तर पप्पा कोचावर नव्हते. ते सरळ चालत जाऊन सगळ्यात शेवटच्या, दाराला लागून असलेल्या खुर्चीवर बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं. खुर्ची थोडी आणखी मागे ओढून घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट राहील एवढी जागा सोडून, आरामात बसले होते.

"पप्पा, तिकडे काय? मधे बसा ना."

"मधे दादा बसेल की. वहिनी त्याच्या शेजारी. मी इथे बरा. कुणाला पाणीबिणी लागलं तर."

"आपल्या घरी?"

"आपल्या घरी म्हणूनच. पाहुणे ते."

"तुम्ही त्यांच्या घरी पाहुणे होतात तेव्हा?"

पप्पांचा पाय फरशीवर दाबला गेला. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "काय सुरेख दिसतंय गं! फर्स्टक्लास."

भिंगरी त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या खुर्चीशेजारी वाकून तिने आपलं डोकं त्यांच्या डोक्याच्या उंचीवर आणलं आणि पडद्याकडे पाहिलं. मैदान राखेसारखं होतं. चेंडू कुठे गेला ते कळतच नव्हतं. एका खेळाडूने हात वर केले, पण आनंदाने की रागाने, चेहरा पुसट असल्यामुळे काही उमगलं नाही. तिने वळून पप्पांकडे पाहिलं. ते हसत होते. खरंखुरं, मनापासून. त्या स्टुलावर हसले होते तसंच.

तिला काकांचा राग यायला हवा होता. पोटातला निखारा तिने चाचपून पाहिला. होता, चांगला लाल होता. पण त्याची धग काकांच्या दिशेने जातच नव्हती. ती शेजारच्या खुर्चीकडे जात होती. रिमोट तिने एवढा घट्ट धरला की आवाजाचं बटण दाबलं गेलं आणि खोलीत प्रेक्षकांचा गलका एकदम वाढला.

"कमी कर गं," पप्पा म्हणाले. "लोकांना त्रास होईल."

"लोक कुठे आहेत इथे, पप्पा? आपणच आहोत."

ताईच्या सगळं लक्षात आलं असावं. ती शेजारच्या भिंतीपाशी गेली. "मी काय म्हणते, त्याच किमतीत हा बघा. पंचावन्न आहे, लहान आहे, पण याला कड अशी नाहीच. जिथून बघाल तिथून सारखा."

"पंचावन्न!" आई कळवळली. "म्हणजे त्यांच्यापेक्षाही लहान?"

"लहान तर लहान," पप्पा म्हणाले. "सगळ्यांना दिसेल तरी."

भिंगरीने तो पाहिला. समोरून पाहिला, कडेने पाहिला, दाराच्या चौकटीत उभं राहून पाहिला. ताई खोटं बोलत नव्हती. गवत सगळीकडून गवतच होतं. मोठ्या काकांना मधून दिसलं असतं तेवढंच पप्पांना दारापाशी दिसलं असतं. आणि मग कुणीतरी म्हटलं असतं, जरा पाणी. त्या क्षणाला सामना जिंकला असता, आणि पप्पा ट्रे घेऊन धावत आले असते.

तिने दोन्ही टीव्हींकडे आळीपाळीने पाहिलं. मग मोठ्या टीव्हीसमोर, कोचाच्या बरोबर मधोमध, हाताचा पंजा ठेवला. तिथली गादी इतर जागांपेक्षा जास्त दबलेली होती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिथेच बसत असणार.

"पप्पा, इकडे या. बसा."

"अगं, मला तिथून दिसत होतं..."

"बसा."

हा वादविवादातला आवाज नव्हता. त्यापेक्षा खालचा होता, आणि तिलाही तो नवाच होता. पप्पा उठले, आले आणि कोचाच्या अगदी कडेवर टेकले, पुढच्या थांब्यावर उतरायचंय अशा बेताने. तिने त्यांच्या खांद्याला धरून त्यांना मागे, पाठ टेकेपर्यंत बसवलं. समोर सामना चालू होता. पप्पांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं. एवढं हिरवं मैदान त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. पाय मात्र अजून फरशी दाबून होता.

आईने पर्सचा पट्टा सोडला.

"मग?" ताईने केसांतलं पेन पुन्हा काढलं. "कुठला घ्यायचा?"

भिंगरी पडद्याच्या आड येणार नाही अशा बेताने दोघांसमोर उभी राहिली.

"आई, पप्पा, ठरलं. मोठाच घ्यायचा. काकांना बोलावलंय तर येऊ देत, साहेबांना आणायचं असेल तर त्यांनाही आणू देत, पाणी मी देईन. पण मधे पप्पा बसणार. रिमोट माझ्याकडे राहील, आणि पप्पांना त्या जागेवरून कुणी उठवलं ना, तर त्या सेकंदाला मी टीव्ही बंद करणार. शेवटचा चेंडू असला तरी. कुणीही असो."

"अगं, पण मीच उठलो तर..." पप्पा म्हणाले.

"तर आधी बंद," भिंगरी म्हणाली.