भगीरथशेठचं पुडिंग

शिळा पाव कोंबड्यांना घालायचा, फारच झालं तर चहात बुडवून पोराला द्यायचा, एवढंच चंद्रकलेला ठाऊक होतं. तोच पाव दुधात कुस्करून, त्यात अंडी फोडून, वर सुकामेवा पेरून शहरातल्या माणसांना पाहुणचार म्हणून वाढायचा, ही अक्कल तिच्या नवऱ्याची, भगीरथची. भगीरथच्या अकलेबद्दल तिचं मत लग्नानंतरच्या पहिल्याच भातलावणीत पक्कं झालं होतं, आणि ते बदलावं असं त्याने पुढे काही केलंही नव्हतं.

डोळखांब गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं घर. दोन वर्षांपूर्वी भगीरथने परसात दोन खोल्या बांधल्या, भिंतींवर कुणाकडून तरी वारली चित्रं काढून घेतली आणि फाटकावर पाटी लावली. त्याच्या सात पिढ्यांत कुणी असलं चित्र काढलं नव्हतं. ठाण्याची माणसं शनिवार-रविवारी मुक्कामाला येऊ लागली. ती त्याला 'भगीरथशेठ' म्हणायची आणि तो मान डोलवायचा. चंद्रकला चुलीशी बसून भाकरी थापायची आणि मनात म्हणायची, शेठ! याला धड दावं बांधता येत नाय, बैल सुटून शेजारच्या भातात जातो.

माळशेजच्या वाटेवरच्या एका हॉटेलात भगीरथ दोन हंगाम वाढपी होता. तिथे नाताळात त्याने हे पुडिंग पाहिलं होतं, उरलेलं खाल्लंही होतं. यंदा नाताळला आठ माणसांनी दोन्ही खोल्या घेतल्या, तेव्हा याने फोनवर छाती फुगवून सांगितलं, "क्रिसमस पेशल पुडिंग मिलेगा!"

"त्यांच्यात किरिस्ताव कोन हाय?" चंद्रकलेने विचारलं.

"कोनी नाय."

"मग आपल्यात?"

"तुला नाय कळायचं गो. लोकांना मजा पायजे."

दिवाळी संपल्या संपल्या त्याने शहापूरहून मनुका, खजूर, जर्दाळू, काजू आणले, चिनीमातीच्या बरणीत भरले आणि वर रमची अख्खी बाटली ओतली. बरणी माळ्यावर गेली. मेवा मुरायला हवा, आणि तो रोज हलवावा लागतो, असं त्याचं म्हणणं. मग तो रोज संध्याकाळी माळ्यावर चढून बरणी हलवायचा आणि खाली आला की फार प्रेमाने बोलायचा. बरणी हलवायला अर्धा तास लागत नाही, हे न कळायला चंद्रकला काही भगीरथ नव्हती.

नाताळच्या सकाळी पाहुणे डोंगराकडे फिरायला गेले. तिने बरणी उतरवली. तळाला मनुका एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, जर्दाळूच्या सुरकुत्या होत्या तशाच होत्या. रमचा नुसता वास उरला होता. शेवटचा घोट त्याने बहुधा त्याच पहाटे घेतला असावा, कारण शेठ खळ्यात पेंढ्यावर आडवे झाले होते, तोंड उघडं, एक चप्पल पायात आणि दुसरी कुत्र्याच्या तोंडात.

तिची मुलगी राही शहापूरला औषधाच्या दुकानात कामाला होती, नवीन वर्षापर्यंत सुट्टी काढून घरी आली होती. तिने फोनवर पुडिंगचा व्हिडिओ लावून दिला. चंद्रकलेने तो एकदा पाहिला.

"एवढंच? याच्यासाठी हा दोन महिने नाचत होता?"

मेवा तिने कोमट गुळाच्या पाण्यात टाकला. पावाचे तुकडे केले, दूध, अंडी, साखर एकत्र फेटून त्यावर ओतली. पातेल्याच्या बुडाशी साखर जाळून तांबूस केली, त्यावर भिजला पाव आणि मेवा थापला. मोठ्या टोपात पाणी ठेवून पातेलं आत बसवलं, वर झाकण, झाकणावर वरवंटा. आजाऱ्याचं खाणं, ती म्हणाली. दात पडलेल्याचं खाणं.

तासाभराने परातीत उलटं केलं तर ते थरथरत, चकचकीत उभं राहिलं. कडेला चिकटलेलं तिने बोटाने निपटून तोंडात घातलं. चांगलं झालं होतं. त्या दिवशी तिला सगळ्यात जास्त राग ते चांगलं झाल्याचाच आला.

दुपारी पंगत बसली. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाईने विचारलं, "भगीरथशेठ कुठे आहेत?"

आजवर अशा वेळी तिने 'ताप आलाय' म्हटलं होतं, 'शेतावर गेलेत' म्हटलं होतं, एकदा तर जित्या मावससासऱ्याच्या मयताला पाठवलं होतं. त्या दिवशी तिला कंटाळा आला.

"खळ्यात पडलाय. पुडिंगची रम पिऊन. दिवाळीपासून पितोय. माळ्यावर चढायचा तो मेव्यासाठी नाय, नरड्यासाठी. मेला कोंबड्यांच्या पन उपयोगाचा नाय!"

आठही जण खदाखदा हसले. हसत हसत खळ्यात गेले, फोटो काढले. भगीरथ जागा झाला, केसांत पेंढा घेऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मेरी क्रिसमस." टाळ्या पडल्या. जाताना त्यांनी फोनवर लिहिलं की यजमान अवलिया आहेत आणि वहिनींच्या शिव्या ऐकायला तरी इथे याच.

वीस वर्षं झाकलेलं उघडं केलं, तर माणूस प्रसिद्ध झाला! आता चंद्रकलेला भगीरथपेक्षा त्या आठ जणांची अक्कल लहान वाटू लागली.

एकतीस तारखेच्या पाहुण्यांनी आधीच फोन केला, पुडिंग हवं म्हणून. त्या सकाळी भगीरथ चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"एक काम कर गो. जेवताना मी ती रमची गोष्ट सांगीन. मग तू तसंच वरड."

"काय?"

"नाताळला वरडलीस तसं. लोकांना आवडतं."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. डोळ्यांत आशा होती, वाढप्याच्या डोळ्यांत बक्षिशीची असते तशी.

"बरं," ती म्हणाली.

दुपारी पुडिंग वाढून झालं, राही पाण्याचे तांबे भरत होती. भगीरथने गोष्ट रंगवली. गोष्टीत आता एक माकडही आलं होतं. मग त्याने चंद्रकलेकडे पाहून भुवई उडवली. ती पदर खोचून पुढे आली. पाहुणे आधीच हसायला लागले.

"हा पितो ते आजचं नाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ही आमची राही. चार वर्सांची व्हती तवा घोनस चावली हिला. पावसाचे दिवस. मी याला जीप आनायला डोळखांबला धाडला. हा वाटेत प्यायला बसला. मी किती वाट बघितली, मग पोरीला पाठीवर घेऊन चिखलातनं सडकेपर्यंत गेले. दुधाच्या टेम्पोवाल्याने नेलं आमाला. पोर वाचली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. परतताना हा गुत्त्यावर दिसला, मला इचारतो, कुठं गेल्तीस?"

कुणी हसलं नाही. एकाने चमचा ताटात ठेवला, त्याचा आवाज झाला. सगळ्यांचे डोळे राहीच्या हाताकडे गेले. राहीने हात ओढणीखाली घेतला आणि आत निघून गेली.

पाहुणे रात्र राहणार होते, ते उन्हं उतरायच्या आत गेले. भगीरथ ओट्यावर बसून होता.

"एवढं बोलायचं नव्हतं," तो म्हणाला.

"तुमीच म्हनलात, वरड. मी तर वरडले पन नाय."

त्याला उत्तर देताना तिला काही वाटलं नाही. आत राही पिशवी भरत होती, तिथे मात्र ती उंबऱ्याशीच थांबली.

"माझा हात दाखवायचा व्हता," राही म्हणाली, "तर मला इचारायचंस. तो त्यांना हसवायला तुला वापरतो, तू त्यांना गप करायला मला वापरलंस."

ती त्याच दिवशी शहापूरला गेली. संक्रांतीला आली नाही.

पाहुणे येत राहिले. शहरात माणसं पुष्कळ. भगीरथ आता गोष्ट सांगत नाही, गुपचूप वाढतो आणि 'शेठ' म्हटलं की खाली बघतो. माघात एक दिवस चंद्रकला एसटीने शहापूरला गेली, औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांमागे उभी राहिली आणि पाळी आल्यावर म्हणाली, "चुकलं माझं. तुला इचारायला पायजे व्हतं."

राहीने हातातलं औषध मागच्या गिऱ्हाइकाला दिलं. मग म्हणाली, "बाबांना पन म्हनलीस का असं?"

"त्यांना?" चंद्रकलेला खरंच नवल वाटलं. "त्यांना कशाला?"

राही हसली नाही. पण तिने काउंटरमागचं स्टूल आईकडे सरकवलं, डाव्या हाताने.