बकुळबागेतल्या वाट्या

त्या शहरात वस्त्या पाहुण्यांना बघायला एसटी स्टँडवर येतात. मी उतरले तेव्हा चार-पाच जणी फलाटाशी उभ्या होत्या. बाजारपेठेतली घामाघूम झाली होती आणि तिच्या बोळांतून हातगाड्या खाली घरंगळत होत्या. नाट्यगृहाजवळची उगाचच मोठ्यानं हसत होती. स्टेशनाजवळच्या वस्तीनं तर माझ्या पिशवीचा बंद धरून ओढायलाच सुरुवात केली. बकुळबाग नावाची वस्ती मात्र बाजूला, रसवंतीच्या मागे, शांत उभी होती. तिच्या गॅलऱ्यांत कुंड्या होत्या, एका गॅलरीत झोपाळा होता आणि आत कुठेही हॉर्न वाजत नव्हता.

मी जात्याच संशयी. दूधवाल्याचं माप उलटं करून बघणारी, साडी घेताना आतली घडी उलगडायला लावणारी. म्हणून मी तिची नीट चौकशी केली.

"लेडीज हॉस्टेल किती लांब आहे?"

"तुम्ही म्हणाल तितकं," बकुळबाग म्हणाली.

"पाणी?"

"चोवीस तास."

"आणि शेजार?"

"शेजार फार चांगला," ती म्हणाली आणि जरा हसली.

ते हसणं मला आवडलं नाही. पण माझी मुलगी गौतमी शनिवारी विमानानं कॅनडाला जाणार होती. कायमची नाही, असं ती म्हणते, पण असं सगळेच म्हणतात. तिच्या हॉस्टेलवर आयांना राहू देत नाहीत. तेव्हा तिच्या आसपास कुठेतरी निवांत राहायचं, तिला रोज डोळे भरून बघून घ्यायचं, विमानतळावर सोडायचं आणि मग कराडला परत जाऊन रडायचं, एवढाच माझा बेत होता. निघताना आमच्या ह्यांनीही बजावलं होतं, "हाल करून घेऊ नकोस, वस्ती चांगली बघ." मी होकार दिला. आम्ही दोघी चालू लागलो आणि थोड्या वेळानं मी बकुळबागेच्या आत चालत होते.

खोली बघून माझा संशय दुप्पट झाला. गादीला डाव्या कुशीवर झोपणाऱ्या बाईचा खळगा होता आणि तो मला बरोबर बसला. दाराशी सपाता ठेवल्या होत्या, त्यात माझ्या अंगठ्यासाठी भोक आधीच पडलेलं होतं. नळाचं पाणी मला लागतं तितकंच कोमट. इतकं सुख कुणी कुणाला उगाच देत नाही. खिडकीतून मात्र हॉस्टेल अगदी समोर दिसत होतं, वरची पिवळी टाकी आणि दांडीवर वाळत घातलेला गौतमीचा हिरवा टॉवेलसुद्धा. तो टॉवेल बघून मी संशय गिळला.

पिशवी उघडेपर्यंत दार वाजलं. शेजारच्या सरपोतदार वहिनी होत्या, साठीच्या, गोऱ्या, कपाळावर बारीक टिकली. हातात ताटली झाकलेली वाटी.

"नवीन आलात ना? पडवळाची भाजी केली होती. म्हटलं, प्रवासातून आल्यात, कुठे काय करत बसतील."

"अहो, कशाला उगाच त्रास घेतलात?"

"त्रास कसला? आम्ही दोघंच. मूलबाळ नाही आम्हाला. करायचं कुणासाठी?" खोलीभर नजर फिरवून त्या म्हणाल्या, "वाटी सावकाश द्या हो."

भाजी अप्रतिम होती. मी वाटी घासली, पुसली आणि मग हातात घेऊन उभी राहिले. वाटी रिकामी परत द्यायची नसते. हे मला कुणी शिकवलं नाही, आईला बघून आलं. चिमूटभर साखर घालीन, पण रिकामी देणार नाही. इथे तर घरात साखरही नव्हती. गौतमीसाठी केलेल्या बेसनलाडवांचा डबा तेवढा होता. त्यातले दोन लाडू काढताना मला तिच्या तोंडचा घास काढल्यासारखं वाटलं. पण वाटीत घातले.

दुपारी वहिनी कढी घेऊन आल्या. वाटी तीच होती, पण मोठी झाली होती. मी त्यात लाडू घातले. चहाच्या वेळी उप्पीट आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी अळूचं फदफदं. वाटी दर खेपेला जरा रुंद होऊन येत होती आणि लाडू तळाशी एवढेएवढेसे दिसत होते. डबा संपला.

मी दाराला कडी घातली. वहिनी बाहेर उंबऱ्यावर वाटी ठेवून गेल्या. ती तिथे तशीच वाफाळत राहिली. मुंग्या आल्या, तिच्याभोवती रांगोळीसारख्या बसल्या, पण वाटीवर एकही चढली नाही. शेवटी येणारेजाणारे काय म्हणतील म्हणून मी ती आत घेतली.

फोन वाजला. गौतमी होती.

"आई, कुठे आहेस तू? कालपासून नुसतं येते येते म्हणतेयस. मी गेटवर उभी आहे."

"ही काय, समोरच आहे. निघालेच बघ."

मी खाली उतरले तर कोपऱ्यावर बकुळबाग वाट बघत होती.

"वाटी कुणाची राहिलीय तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

"सरपोतदारांची. आल्यावर देते."

"दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून बाहेर जात नाहीत इथे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण गल्ली अरुंद केली. माझे दोन्ही खांदे भिंतींना घासायला लागले. मी मुकाट्यानं मागे फिरले.

आता घालायला काय होतं माझ्याकडे? पिशवी झटकली, त्यातून फक्त तिकीट पडलं. वहिनी दारात आल्याच होत्या. "राहू द्या हो, रिकामीच द्या," त्या म्हणाल्या. असं म्हणणारी बाई नंतर चार घरी काय सांगते ते मला पक्कं ठाऊक आहे. मीही सांगितलेलं आहे. मी खिडकीपाशी गेले आणि खिडकीपासून हॉस्टेलपर्यंतचा रस्ता गुंडाळून वाटीत घातला. कोथिंबिरीच्या वडीसारखी त्याची छान घट्ट वळकटी झाली.

वहिनींनी वास घेतला. "वा," त्या म्हणाल्या, "ताजा आहे."

त्या गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. पिवळी टाकी लिंबाएवढी दिसत होती. टॉवेल दिसत नव्हता. मला स्वतःचा असा काही राग आला म्हणून सांगू! घरी माझ्या हातून साधी वाटाण्याची शेंग कुणी फुकट नेत नाही आणि इथे मी हातानं रस्ता काढून दिला होता. मी घाईनं बाहेर पडले. या वेळी मला कुणी अडवलं नाही. अडवायची गरजच नव्हती. मी चालत राहिले, गॅलऱ्यांतल्या बायका "जेवलात का?" म्हणून विचारत राहिल्या आणि दर वळणानंतर तोच झोपाळा येत राहिला. दमून मी खोलीवर आले तर उंबऱ्यावर बासुंदी होती. वाटी कसली, पातेलंच होतं ते.

शनिवार उजाडला होता. विमान संध्याकाळचं. फोन उचलला तर त्यात नुसता कुठल्यातरी चुलीवर दूध उतू गेल्याचा आवाज येत होता.

मी बकुळबागेला हाक मारली. ती खिडकीशी आली.

"मला दुसरी वस्ती हवी," मी म्हणाले. "स्टेशनाजवळची चालेल. गोंगाट असला तरी चालेल."

"जा की," ती म्हणाली. "एवढं पातेलं देऊन जा. नीट भरून दिलंत तर पुन्हा काही मागणार नाहीत त्या."

"रस्ता?"

"रस्ताही मिळेल."

मला त्यात खोट दिसत होती. आयुष्यभर मापं तपासलेली बाई मी, मला दिसणार नाही? पण घड्याळ पुढे पळत होतं आणि गौतमी मला न भेटता विमानात बसेल या भीतीपुढे मी ती खोट बाजूला ठेवली. घरात आता एकच गोष्ट शिल्लक होती, तीही माझ्या अंगात. गौतमी झाली तेव्हा नर्सनं तिला माझ्या हातात दिलं, त्या वेळचं तिचं वजन. ते मी बावीस वर्षं उजव्या कोपराच्या खळगीत जपून ठेवलं होतं. स्वयंपाक करतानाही तो हात मी जरा सांभाळूनच वापरते. वाटलं, गौतमी आता मोठी झाली, ती तर समोर भेटणारच आहे. हे एवढं दिलं तर काय बिघडलं? मी कोपर वाकडं करून ते पातेल्यात उतरवलं. पातेलं काठोकाठ भरलं. हात एकदम हलका झाला, वर उडतोय की काय असं वाटलं.

सरपोतदार वहिनींनी तिथेच बोट बुडवून चाखलं. त्यांचे डोळे भरून आले.

"असं काही नव्हतं हो आमच्याकडे कधी," त्या म्हणाल्या आणि पातेलं छातीशी धरून गेल्या.

खिडकीबाहेर रस्ता परत आला होता. टाकी मोठी झाली, दांडीवर टॉवेल हलत होता. मी पिशवी भरली, केस विंचरले आणि सपाता काढून माझ्या चपला घातल्या. तेवढ्यात दार वाजलं.

दारात गौतमी उभी होती. नवा निळा कुडता, खांद्याला प्रवासाची बॅग, एका पायानं दुसरी पोटरी खाजवत. लहानपणापासूनची सवय तिची. मी दोन्ही हात पुढे केले. तिनं त्यांत वाटी ठेवली.

"काकू, आईनं पाठवलीय. बेसनलाडू आहेत."

"गौतमी," मी म्हणाले.

"हो. आईनं सांगितलं वाटतं माझं नाव?" ती हसली. "आज निघतेय ना मी. आई येतेय विमानतळावर सोडायला. खाली रिक्षा उभी आहे, वाटी तेवढी लगेच द्याल? रिकामी दिली तरी चालेल म्हणाली ती."

वाटी लहान होती, पहिल्या दिवशी होती तेवढी. मी लाडू काढून डब्यात ठेवले. ते मीच वळलेले होते, माझ्या अंगठ्याचा ठसा होता त्यांवर. मग मी मोरीत बसले आणि वाटी घासायला घेतली.

"काकू, नुसती विसळलीत तरी चालेल."

"नाही गं, तूप आहे. असं देऊ नये."

ती दाराच्या चौकटीला टेकली. खालून वहिनींनी तिला हाक मारली. "आले गं आई, वाटी मिळाली की आलेच," तिनं वरून सांगितलं. वाटी केव्हाच लख्ख झाली होती आणि तिच्यात मला दार आणि दारातली ती दिसत होती. मी घासणीवर पुन्हा पावडर घेतली. नळाला पाणी चोवीस तास होतं.